घायपात : बांधावरचा राखणदार, कुंडीतला दागिना

कोल्हापूरच्या एखाद्या मोठ्या नर्सरीत गेलात तर ‘अगेव्ह’ नावाची झाडं एका बाजूला मांडलेली दिसतील. जाड, मांसल, टोकदार पानं, पानांना पिवळी किंवा पांढरी किनार, भोवती पांढरे गोटे. बंगल्याच्या फाटकाशी, हॉटेलच्या दारात, रस्त्याच्या दुभाजकात ही झाडं आता सर्रास लावली जातात. विकणारा सांगतो, पाणी फार लागत नाही, लक्ष द्यावं लागत नाही. घेणारा पैसे मोजतो आणि कुंडी गाडीत ठेवतो. या घेणाऱ्याचे आजोबा शिरोळ, हातकणंगले किंवा कागलकडचे शेतकरी असतील, तर त्यांनी त्या कुंडीकडे पाहून एकच शब्द उच्चारला असता : घायपात. मराठवाड्यात, विदर्भात याचंच नाव केकताड. आणि बांधावरचं हे झाड कुणी पैसे देऊन घरी नेतं, हे त्यांना पटलं नसतं.

बांधावरून कुंडीत येईपर्यंत या झाडानं मोठा प्रवास केला आहे. त्यात समुद्र आहे, युरोपातलं युद्ध आहे, मोटेचा नाडा आहे आणि गावकुसाबाहेरच्या माणसांचे सोललेले हात आहेत. कुंडी विकत घेताना यातलं काहीच सोबत येत नाही.

मेक्सिकोचं झाड, मराठी नाव

हे झाड मूळचं मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या मुलखातलं. तिथले नाहुआत्ल भाषा बोलणारे लोक त्याला ‘मेत्ल’ म्हणत. पानांच्या धाग्यापासून ते दोर आणि कापड करत. पानाचं टोक धाग्यासकट ओढून काढलं की दोरा ओवलेली सुईच हाती येई. वाळकी पानं छपरावर जात आणि गाभ्यातल्या गोड रसापासून पुल्के नावाचं पेय बने. नारळाबद्दल आपल्या कोकणात जे बोललं जातं, ते सगळं मेक्सिकोत या झाडाबद्दल बोलता येतं.

१५२१ साली स्पॅनिश सैन्यानं अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतर सोन्या-चांदीबरोबर तिथली झाडंही जहाजांत चढली. युरोपातल्या बागांमध्ये अगेव्ह शोभेचं झाड म्हणून वाढू लागलं. १७५३ मध्ये लिनिअसनं त्याला ‘अगेव्ह अमेरिकाना’ हे शास्त्रीय नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उमदं, दिमाखदार असा आहे.

भारतात ते पोर्तुगीजांबरोबर आलं असं मानलं जातं. गोवा त्यांच्या हाती १५१० मध्ये गेलं. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस, तंबाखू ही सगळी मंडळी अमेरिकेतून याच काळात इकडे आली. बाबरानं आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या झाडाफुलांची मोठ्या हौसेनं नोंद केली आहे. आंबा, फणस, केवडा, कण्हेर, जास्वंद तिथं भेटतात. मिरची भेटत नाही आणि घायपातही नाही. बाबर १५३० मध्ये वारला. त्याला हिंदुस्थान ‘नवा’ वाटत होता, पण ज्या गोष्टींना आज आपण अस्सल देशी मानतो, त्यांतल्या कित्येक त्याच्याही नंतर आल्या.

नाव मात्र मराठीनं स्वतःचं दिलं. घाय म्हणजे जखम. पात म्हणजे लांब निमुळतं पान, जशी कांद्याची पात. ज्यानं या झाडाच्या कुंपणातून वाट काढायचा प्रयत्न केला असेल, त्याला या नावाची फोड करून सांगावी लागत नाही. हिंदी-दखनीत त्याला राकसपत्ता म्हणत, म्हणजे राक्षसाचं पान. कुठूनसं आलेलं झाड इथल्या माणसांच्या अंगाला टोचलं आणि त्या टोचण्यातून त्याला इथलं नाव मिळालं.

कोरफड नव्हे, तरी ‘सब्र’

इंग्रज या झाडाला ‘अमेरिकन अ‍ॅलो’ म्हणत, म्हणजे अमेरिकेची कोरफड. दिसायला दोन्ही सारखी असली तरी कुळं वेगळी. कोरफड आफ्रिका-अरबस्तानाकडची, घायपात अमेरिकेचं. कोरफडीचं पान मोडलं तर आत गर निघतो. घायपाताचं पान मोडता मोडत नाही, कारण आत धागेच धागे असतात. दोन वेगळ्या खंडांत कमी पाण्यावर जगायचं एकच उत्तर निसर्गानं दोनदा शोधलं, एवढाच यांचा संबंध.

कोरफडीला अरबीत ‘सबिर’ म्हणतात. धीर, संयम या अर्थाचा ‘सब्र’ हा शब्द त्याच धातूतून येतो. कोरफडीचा रस वाळवून केलेला काळा बोळ आपल्याकडे आजीच्या बटव्यात असे. युनानी हकीम त्यालाच ‘मुसब्बर’ म्हणतात. तोही शब्द त्याच घरातला. एकोणिसाव्या शतकात कैरोत राहिलेल्या एडवर्ड लेन या इंग्रजानं लिहून ठेवलं आहे की तिथले लोक घराच्या दारावर कोरफड टांगत. पाण्यावाचून ती वर्षानुवर्षं हिरवी राहते, म्हणून ती दीर्घायुष्याची खूण. आपल्याकडेही दारावर कोरफड टांगलेली घरं आहेत आणि ती एकाच धर्माची नाहीत.

घायपाताला हा मान मिळाला नाही. ते दारावर चढलं नाही. ते शेताच्या, मळ्याच्या, रानाच्या हद्दीवर उभं राहिलं. गुरं आत येऊ नयेत म्हणून रेल्वेच्या रुळांकडेला ते लावलं गेलं. दफनभूमीच्या, मसणवाटेच्या कडेलाही ते दिसायचं. जिथं राखण हवी पण खर्च करायला कुणी तयार नाही, तिथं घायपात. सब्राचं नाव कोरफडीला मिळालं, सब्र करायचं काम याच्या वाट्याला आलं.

वाख आणि नाडा

कुंपण हे त्याचं एक काम, दोर हे दुसरं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं लक्ष याच धाग्याकडे गेलं. त्यांच्या जहाजांना लागणारा दोर मुख्यतः रशियातून येणाऱ्या हेंपचा असे. १८५३ ते १८५६ या काळात रशियाशी क्रिमियाचं युद्ध झालं आणि तो पुरवठा अडला. १८५५ मध्ये जॉन फोर्ब्ज रॉयल यांचं भारतातल्या तंतुमय वनस्पतींवरचं मोठं पुस्तक निघालं. त्यात ताग, अंबाडी यांच्याबरोबर अगेव्हच्या धाग्याचाही विचार आहे. पुढे बाजारात बंगालचा ताग जिंकला. घायपात गावातच राहिलं.

गावात या धाग्याला वाख म्हणतात. पानं तोडायची, काटे छाटायचे, ओढ्याच्या किंवा डबक्याच्या पाण्यात कुजत घालायची. काही दिवसांनी पाण्याला उग्र दुर्गंधी सुटली की बाहेर काढून दगडावर ठेचायची, धुवायची, गर निघून गेला की उरलेला पांढुरका धागा उन्हात वाळवायचा. ताज्या पानाच्या वजनाच्या तुलनेत हाती येणारा धागा तीन-चार टक्केच. म्हणजे शंभर किलो पानं तोडा, वाहा, कुजवा, ठेचा, तेव्हा कुठं तीन-चार किलो वाख. त्यात या झाडाचा रस अंगाला लागला की आग होते, खाज सुटते, पुरळ येतो. पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते कातडीत रुततात.

हे काम गावगाड्यानं मातंग समाजाकडे दिलं होतं. दोर वळणं, केरसुण्या करणं ही त्यांची बलुतेदारीतली कामं. शेतकऱ्याला लागणारा जवळजवळ प्रत्येक दोर त्यांच्या हातून जाई : जनावराचं दावं, हातातला कासरा, तोंडाची म्होरकी, नाकातली वेसण, गाडीवर ओझं आवळायचं चऱ्हाट. सगळ्यांत महत्त्वाचा मोटेचा दोर. विहिरीतून पाणी भरलेली मोट ओढून आणणारा जाड नाडा आणि मोटेची सोंड सांभाळणारा बारीक सोंदूर. नाडा तुटला तर मोट विहिरीत जायची, बैल घसरायचे, माणूस जायबंदी व्हायचा. ज्या दोरावर इतक्यांचा जीव अवलंबून होता, तो वळणाऱ्याचं घर गावकुसाबाहेर होतं.

कोल्हापूर भागात बेंदराला बैलांना नवे दोर लागत. मुसलमान शेतकऱ्यांच्या दारातही बैल असे आणि बेंदूरही असे. मुलाणी स्वतः बलुतेदार, त्याच्याकडेही दोर त्याच वाड्यातून येई आणि बदल्यात धान्याचा वाटा जाई. आपण ‘गंगा-जमनी’ म्हणून ज्या एकोप्याचा अभिमान बाळगतो, त्याच्या तळाशी हा व्यवहारही होता, आणि त्यात सगळ्यांची पायरी सारखी नव्हती. अण्णा भाऊ साठे यांचं वाटेगाव इथून दूर नाही, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आहे. या पट्ट्यातल्या मातंग माणसाचं आयुष्य मराठी साहित्यात ठामपणे यायला त्यांच्या लेखणीची वाट पाहावी लागली.

टांगाचा किनारा

वाखाचं हेच काम जगाच्या दुसऱ्या टोकाला कारखानदारी पद्धतीनं उभं राहिलं. घायपाताचा एक भाऊबंद आहे, सिसल. मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातल्या एका बंदरावरून हे नाव पडलं. १८९३ मध्ये रिचर्ड हिंडोर्फ या जर्मन शेतीतज्ज्ञानं फ्लोरिडातून सिसलची एक हजार पिलं जर्मन पूर्व आफ्रिकेत मागवली. हँबर्गमार्गे टांगा बंदरात पोचेपर्यंत त्यांतली ६२ जगली. त्या ६२ रोपांवर पुढे टांगानिकाची, म्हणजे आजच्या टांझानियाची, अर्थव्यवस्था उभी राहिली.

त्या मळ्यांच्या मालकांत हिंदुस्थानी मुसलमानही होते. करीमजी जीवनजी या बोहरा घराण्याचे तिथं मोठे सिसल मळे होते. कोकणी मुसलमान मोंबासा-नैरोबीकडे नोकरी-धंद्यासाठी गेले, ते याच भागात. पानं तोडणारा मजूर मात्र आफ्रिकन होता. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर टांझानियात बरेच मळे सरकारनं ताब्यात घेतले आणि त्याच सुमारास नायलॉन-प्लास्टिकच्या दोरानं जगभरची बाजारपेठ खायला सुरुवात केली. भारतात सिसलवर काम करणारं संशोधन केंद्र ओडिशात बामरा इथं आहे. आपल्याकडे मात्र हा धागा घरगुती वाखाच्या पुढे फारसा गेला नाही.

बांधावरून का गेलं

कोल्हापूरच्या बांधांवरून घायपात कमी होण्याची कारणं शेतीच्या बदलातच आहेत. आधी विहिरीवर इंजिन आलं, मग विजेची मोटार. मोट थांबली आणि नाड्याची गरज संपली. मग बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला, दाव्या-कासऱ्यांची मागणी आटली. जे दोर लागत होते ते नायलॉनचे येऊ लागले. स्वस्त, हलके, न कुजणारे. उपसा सिंचनानं ऊस आला आणि एकेक फूट जमिनीला मोल आलं. पूर्ण वाढलेलं घायपात दोन-अडीच मीटर रुंदी खातं. उसाच्या हिशेबात ते परवडत नाही. काटेरी तार लावली, जेसीबी आला आणि एका दिवसात पिढ्यांचं कुंपण निघालं.

त्याबरोबर वाखाचं कसबही गेलं. याबद्दल नुसती हळहळ व्यक्त करणं बरोबर नाही. ज्या कामात अंगाला खाज, पाण्याला दुर्गंधी आणि समाजात अपमान होता, ते काम सोडून पोरं शिकली, शहरात गेली, हे चांगलंच झालं. खंत असेल तर ती ही, की काम गेलं तेव्हा त्या जागी दुसरं काही मिळालं नाही, आणि त्या कसबाची नोंदही फारशी झाली नाही.

सेहऱ्यातला भाऊबंद

घायपाताचं एक नातं आपल्या अगदी जवळचं आहे. निशिगंध, ज्याला फुलवाले गुलछडी म्हणतात, तोही मेक्सिकोचाच. अ‍ॅझ्टेक लोक त्याला ‘ओमिशोचित्ल’ म्हणत, म्हणजे हाडासारखं पांढरं फूल. वनस्पतिशास्त्रात त्याची गणना पूर्वी वेगळ्या प्रजातीत होई. अलीकडच्या वर्गीकरणात तो थेट अगेव्ह प्रजातीत घातला गेला आहे. बांधावरचं राकसपत्ता आणि नवरदेवाच्या सेहऱ्यातलं फूल एकाच घरचे निघाले.

उर्दूत याला गुल-ए-शब्बो म्हणतात. फारसीत शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. जुन्या मराठीतलं गुलछबू हे नाव तिथूनच आलं. निशिगंध, रजनीगंधा आणि गुल-ए-शब्बो या तिन्हींचा अर्थ एकच. कोल्हापुरात उरुसाला पीराला गलेफ चढतो, त्याच्याबरोबर या फुलांचे हार जातात. हेच हार अंबाबाईच्या दारात विकले जातात. मेक्सिकोचं फूल, फारसी नाव, मराठी माळी, आणि खाली दोन्हीकडे हात जोडलेली किंवा पसरलेली माणसं.

कोल्हापुरात घायपात लावायचं तर

आता कुंडीबद्दल. ‘लक्ष द्यावं लागत नाही’ हे कोल्हापुरात अर्धंच खरं आहे. या जिल्ह्यात गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पूर्वेकडे घायपात बांधावर आपसूक वाढायचं, याचं कारण हेच. हे झाड तहानेनं सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्यानं मरतं.

त्यामुळे नदीकाठच्या काळ्या मातीत ते थेट लावू नये. जमिनीत लावायचं असेल तर फूटभर उंचवटा करून, खाली विटांचे तुकडे किंवा जांभ्याची खडी घालून लावावं. कुंडीत एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग बारीक खडी पुरते. शेणखत मूठभर, जास्त नाही. कुंडीच्या तळाला मोठं छिद्र हवं आणि खाली बशी नको. पानांचा गड्डा मातीच्या थोडा वर राहिला पाहिजे, गाडला तर कुजतो. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी सरकवावी. हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी पुरतं, तेही माती पूर्ण वाळल्यावर. ऊन मात्र भरपूर हवं. बिनकाट्याचं, मऊ पानांचं ‘अटेन्युआटा’ थोडी सावली सहन करतं आणि लहान मुलं असलेल्या घरी तेच बरं. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसून काढावा.

मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पिलं फुटतात. ती मुळासकट वेगळी करून सावलीत चार-पाच दिवस ठेवावीत, काप सुकला की लावावीत. हातमोजे घालावेत आणि रस डोळ्यांत जाऊ देऊ नये. वाटेवर लावलेल्या झाडाची टोकं बोथट करावीत. फुलोऱ्याचं म्हणाल तर घायपात आयुष्यात एकदाच फुलतं. ‘शतकी झाड’ हे त्याचं इंग्रजी नाव अतिशयोक्त आहे, साधारण दहा ते तीस वर्षांत ते फुलोऱ्यावर येतं. वीस-पंचवीस फुटांचा दांडा भराभर वर जातो, साठवलेलं सगळं त्यात ओतलं जातं आणि झाड वाळतं. तोवर बुंध्याशी पिलं तयार असतात.

गावकुसाच्या आत कोण

मराठी मुसलमानाला ‘तुम्ही बाहेरचे’ हे वाक्य अनेकदा ऐकावं लागतं. मिरची आणि घायपाताची गोष्ट सांगून त्याला उत्तर देता येतं, आणि मला तो मोह होतो. पण ते उत्तर अपुरं आहे. माणसाचं आपलेपण सिद्ध करायला झाडाचा दाखला लागू नये.

घायपाताचा इतिहास याहून कठीण गोष्ट सांगतो. या झाडाला सोलणारी, कुजवणारी, त्याचा नाडा वळणारी माणसं कुठल्याही कसोटीवर इथलीच होती. त्यांच्या मातीशी असलेल्या नात्यावर कुणी शंका घेतली नाही. तरीही गावकुसाच्या आत त्यांना जागा मिळाली नाही. म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर, हे येण्याच्या तारखेवरून कधीच ठरत नव्हतं. ते ठरवणारे वेगळे होते आणि त्यांचे हिशेब वेगळे होते. आपल्याला बाहेरचं म्हणणाऱ्याला उत्तर देताना, आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात आपण कुणाला बाहेर ठेवलं होतं हेही त्याच दमात विचारलं पाहिजे. नाहीतर आपलं उत्तर फक्त स्वतःच्या जागेपुरतं उरतं.

घायपात लावायचं असेल तर नर्सरीत जाण्याआधी गावाकडे एकदा चौकशी करा. एखाद्या जुन्या बांधावर, दफनभूमीच्या कोपऱ्यावर अजून एखादं मोठं झाड असेल. मालकाला विचारून एक पिलू आणा. आणि गावात वाखाचा दोर वळलेला कुणी म्हातारा अजून हयात असेल तर त्याच्यापाशी तासभर बसा, दोरांची नावं विचारा, लिहून घ्या. झाड मेलं तर पिलू फुटतं, कसबाचं तसं होत नाही.